इफ्ताहाच्या लेकीची आई

दहा वर्षांची जयवंता ती गोष्ट चर्चमध्ये ऐकून आली, त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. इफ्ताह नावाच्या सरदारानं देवाला नवस केला होता, की लढाई जिंकून परतल्यावर दारातून जो आधी सामोरा येईल त्याचं होमार्पण करीन. सामोरी आली त्याची एकुलती एक लेक, डफ वाजवत, नाचत. बाप रडला, कपडे फाडले, आणि नवस फेडला.

"काहून वं आई, देवानं अब्राहामाचा पोरावर उचललेला सुरा थांबवला, मंग हिच्या बापाले काहून नाही थांबवलं?"

गोपिकाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "वचनाले उलटं विचारू नये."

पण जयवंताला विचारणं भाग होतं. ती दोन वर्षांची असताना टायफॉइडनं गेल्यातच जमा होती. तेव्हा वडील आनंदराव, लकडगंजात आरा मशीनवर काम करणारे, खाटेशी गुडघे टेकून बोलले होते, 'ही जगली तर तुझी. हिचं लग्न करणार नाही. जन्मभर तुझ्या आजाऱ्यांची सेवा करील.' पोरगी जगली. येणाऱ्याजाणाऱ्याला ते हे अभिमानानं सांगत.

ती गोष्ट ऐकल्यापासून इफ्ताहाची ती बिननावाची लेक जयवंताच्या मागे लागली. संध्याकाळी वडिलांची सायकल वाजली की जयवंता आतल्या खोलीत जाऊन बसे. दारात आधी दुसरं कुणी जाऊ दे. पुढे मिशनच्या दवाखान्यात नर्स झाली, तरी वॉर्डाच्या टोकाशी कधीकधी डफावर थाप पडल्यासारखी वाटे. वळून पाहिलं तर कुणी नसे.

त्रेसष्ट साली दवाखान्यातला कंपाउंडर मधुसूदन तिला मागायला घरी आला. जयवंताला तो आवडत होता. पडद्याआड ती ऐकत उभी राहिली.

"नवस आहे गा," आनंदराव म्हणाले. "देवाले देलेला शब्द वापस घेऊ काय?"

"काकाजी, देवाले यज्ञ नको, दया पाहिजे, असं शास्त्रातच हाये."

"अन् नवस करून न फेडणं पाप, हेबी त्याच शास्त्रात हाये."

दोघंही खरं बोलत होते, हीच मुश्कील होती. जयवंतानं आईकडे पाहिलं. गोपिकाबाईंनी रिकामे कप उचलले आणि चुलीकडे गेल्या. मधुसूदन वर्षभर थांबला, मग जबलपूरला नोकरी धरून निघून गेला.

सत्त्याहत्तर साली चर्चच्या महिला सभेत बोलायची पाळी जयवंतावर आली. तिनं इफ्ताहाचा अध्याय उघडला. पाळकसाहेबांच्या पत्नी कुजबुजल्या, "दुसरं काही घे वं." ती वाचतच गेली. वाचून झाल्यावर म्हणाली, "यात बाप हाये, लेक हाये, तिच्यासाठी रडणाऱ्या मैत्रिणी हायेत. आई कुठं नाही. आई कुठं होती?"

बायका खाली पाहू लागल्या. मागच्या बाकावरून गोपिकाबाई उठल्या. साठी उलटलेली, पदर डोक्यावर.

"मी तिथंच होती," त्या म्हणाल्या. "अब्राहामाले वरून हाक आली. इथं ती हाक मी मारायची होती. नाही मारली."

कितीदा जयवंतानं हे ऐकायची आस धरली होती, पण आता ते ऐकवेना.

त्याच आठवड्यात गोपिकाबाई आपली ट्रंक घेऊन लेकीच्या दवाखान्यातल्या क्वार्टरवर राहायला आल्या. नवऱ्याला एवढंच सांगितलं, "मी जाऊन राहिली."

दोन महिन्यांनी एका रविवारी आनंदराव क्वार्टरवर आले. फार वाळले होते. बसायला सांगितलं तरी उभेच राहिले.

"मधुसूदन उठून गेला ना, त्या दिवशी मले वाटत होतं, कोणीतरी म्हणंल, थांब. मी वाट पाहून राहिलो होतो."

"मंग तुमीच काहून नाही थांबले?" गोपिकाबाईंनी विचारलं.

जयवंतानं ताट वाढलं. आनंदराव बसून जेवले. जाताना त्यांनी लेकीच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला आणि तसाच मागे घेतला.

ते चार वर्षांनी वारले. शेवटचे दिवस जयवंतानंच त्यांचं सगळं केलं. नवस फेडून राहिली काय, असं चर्चमधल्या एकीनं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "नाही. माझ्या मर्जीनं." पण अंगाखालची चादर बदलताना वडील तिच्याकडे टक लावून पाहत, आणि आपण खरं बोललो की नाही, हे तिचं तिलाच कळत नसे.