बावीस खोल्या

सत्यभामा गजभिये यांनी भंडाऱ्याच्या आयटीआयत तीस वर्षं पोरांना लोखंड कातायचं लेथ मशीन चालवायला शिकवलं. निवृत्तीनंतर दर उन्हाळ्यात त्या इंजिनीअरिंगला जाऊ पाहणाऱ्या खेड्यांतल्या पोरींचा चाळीस दिवसांचा तयारीवर्ग घेतात. ज्यांच्या घरातलं कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, अशा पोरी. सुट्टीत रिकाम्या पडलेल्या आयटीआयच्या वसतिगृहात राहायचं. गणित, ड्रॉइंग, वर्कशॉप. वर्ग पुरा केला की नागपूरच्या कॉलेजात वसतिगृहाची जागा पक्की. ती नसेल तर घरचे कायले पाठवतात!

यंदा सहा आल्या. तेंदूपत्त्याचा, म्हणजे बिडीची पानं तोडायचा, हंगाम लागला आणि एकेक करून पाच त्या कामाला घरी परत गेल्या. उरली आंबागडची हर्षा. रविवारी तीही घरी गेली, ती आलीच नाही. सलग सहा दिवस गैरहजर राहिलं की नाव कमी. शुक्रवारी सत्यभामाबाई एसटीत बसल्या.

अंगणात हर्षा आणि तिची आई पार्वताबाई तेंदूच्या पानांचे पुडे बांधत होत्या.

"बसा मॅडम. मी नाही अडवलं हो तिले," पार्वताबाई आधीच म्हणाल्या. "मीच रोज म्हणतो, जाय बाई. हिचे पुडे तं उचलले की सुटून राहिले."

सत्यभामाबाईंनी खाली बसून पानं जुळवायला घेतली. "काहून नाही आलीस? गणित जड जाते?"

"नाही."

"मग?"

"संध्याकाळी तिथं कोणीच नसते मॅडम. बावीस खोल्या अन् मी. भांडे मुद्दाम आपटून घासतो. आवाज तरी होते."

बसमध्ये सत्यभामाबाईंनी बरीच उत्तरं तयार केली होती. ती सगळी अभ्यासाची होती.

"वर्कशॉपात मी एकटीच बाई होती," त्या म्हणाल्या. "लेथशीच बोलत बसायची."

"काय बोलायच्या?"

"शिव्याच जास्त."

पार्वताबाई खळखळून हसल्या. हर्षा हसली नाही. "मग सवय झाली तुम्हाले?"

सत्यभामाबाईंनी खोटं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. "नाही झाली. लेथ चालवणं तेवढं आलं."

"घरी कोण हाय तुमच्या?"

"कोणी नाही."

"मग तुम्हीच या ना तिथं राहाले."

"पोरी, तोंड सांभाळ!" आई ओरडली.

रात्रीचा मुक्काम करून शनिवारी सकाळच्या गाडीनं सत्यभामाबाई आणि हर्षा भंडाऱ्यात उतरल्या. दुपारी सत्यभामाबाईंची वळकटी हर्षाच्या शेजारच्या खोलीत आली. पुढचे अठरा दिवस संध्याकाळी त्या खोल्यांतून भांडण ऐकू यायचं: ही रेघ तुटक की सलग, भाजीत मीठ कोणी घातलं, पंखा कोणी बंद केला.

वर्ग संपला. हर्षाला नागपूरची जागा मिळाली. वळकटी घरी परत गेली.

कॉलेज सुरू झाल्यावर पंधरा दिवस सत्यभामाबाईंनी मुद्दाम जाऊ दिले आणि मग फोन लावला. पलीकडे नुसता कल्ला.

"चौघी आहोत एका खोलीत मॅडम! झोपूच नाही देत."

"जेवलीस?"

"हो हो. मॅडम, ठेवतो आता, ह्या बोलावून राहिल्या. उद्या करतो मी."

"कर."

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. पोरीचं तिथं जमलं होतं. हवं होतं ते हेच. तरी भाकरी थापता थापता सत्यभामाबाई तीनदा बाहेरच्या खोलीत येऊन फोन पाहून गेल्या.