एग्मोरची घासलेली नाणी

रविवारच्या पेपरात दोन ओळींची जाहिरात दिसली: जुनी तांब्याची नाणी विकणे आहेत, एग्मोर. फोन केला. पलीकडच्या बाई इंग्रजीत म्हणाल्या, आत्ताच ये. मद्रासबाहेर इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात लागल्यापासून मी तिथली कंपनी सरकारची नाणी जमवतेय, आणि वीस कॅशचं नाणं (कॅश म्हणजे तिकडचा जुना पैसा) काही केल्या मिळत नव्हतं. तशीच निघाले.

तुम्ही इकडून जाणार असाल तर कोयंबेडूला बस बदला. दोन्ही तिकिटं मिळून वीस रुपयांच्या आत. एग्मोर स्टेशनसमोर पोंगल-वडा खा, पण वर कॉफी घ्याच. नुसत्या पोंगलाच्या तुपाळ खिचडीने डोळे मिटायला लागतात.

दार सत्तरीच्या एका बाईंनी उघडलं. मी नाव सांगितलं.

"जाधव? मराठी काय?" आणि इंग्रजी तिथेच संपलं. "आम्हीं तंजावरचीं. बैस, कापी घे."

त्यांचे यजमान रेल्वेत होते, गेल्या वर्षी वारले. नाणी त्यांची. मावशींनी स्टीलचं ताट पुढे ठेवलं. सगळी नाणी देवघरातल्या तांब्यासारखी लखलखीत.

"पुळी लावून घासलीं," मावशी कौतुकाने म्हणाल्या. पुळी म्हणजे चिंच. "तीन दिवस लागले."

जुना तपकिरी रंग गेला की जमवणाऱ्यांच्या लेखी नाण्याची किंमत उतरते. ताटात वीस कॅशही होतं, चकचकीत. गप्प राहून ते विकत घेता आलं असतं. पण बिस्किटाच्या डब्यात निम्मी नाणी अजून घासायची होती आणि मोरीवर चिंच भिजत पडली होती. मी सांगून टाकलं.

मावशींनी ताटातलं एक नाणं उचलून उजेडात धरलं.

"चाळीस वर्षं हात लावूं दिला नाहीं," त्या म्हणाल्या. "म्हणायचे, तुला कळायचं नाहीं. मला वाटे, आळसानं मळकीं ठेवलींत."

"एकदा कारण सांगितलं असतं तर?"

"तेंच तर." डोळे पुसता पुसता त्यांना हसू आलं. "आज असते तर आठ दिवस अबोला धरला असता."

मग आम्ही डबा जमिनीवर ओतला. कंपनीचं चिन्ह, उभा सिंह, तराजू. मी एकेक दाखवत गेले, मावशी चष्मा लावून उलटसुलट करून बघत गेल्या. मध्येच रसम-भात झाला. दुपार उलटली तेव्हा त्यांनी सगळी नाणी परत डब्यात भरली.

"विकायचीं नाहींत आतां."

"वीस कॅशसुद्धा?"

"तेंसुद्धा. रागावलीस?"

थोडी रागावले होते. नाही म्हटलं.

खोलीवर आल्यावर मैत्रिणीने विचारलं, किती मिळाली? एकही नाही. खर्च बसचा आणि पोंगलाचा. तरी हा रविवार वाया गेला असं एकदाही वाटलं नाही. मावशींच्या यजमानांनी चाळीस वर्षांत दाखवलं नाही ते एका दुपारी बघून झालं, आणि ते माझ्यासमोर झालं.

काल मावशींचा फोन आला. त्यांना पाव आण्याचं नाणं हवंय, चांगलं दुकान कुठलं? मी पत्ता दिला. मग आठवलं, पाव आणा मलाही हवाय.