माझ्या नावाचा हसरा चेहरा

"एका खोलीत सहा जण राहता. आणि म्हणे एकटं वाटतं."

मॅडम हे माइकवर बोलल्या. ठाण्यातल्या आमच्या कॉलेजच्या एसी हॉलमध्ये. पोरं हसली. माझ्या शेजारची तर तोंडावर ओढणी धरून हसली, आणि ती रोज माझ्या डब्यात जेवते.

मी फक्त हात वर केलेला. मानसिक आरोग्याचा तास होता. दर बुधवारी डोळे मिटायचे, श्वासाकडे बघायचं. शिवाय प्रत्येकाच्या फोनवर एक अॅप टाकायला लावलेलं. ते रोज संध्याकाळी विचारणार, आज कसं वाटतंय? हसरा चेहरा, सरळ चेहरा, रडका चेहरा. एक दाबायचा. ज्यांचे रडके जास्त, त्यांना समुपदेशक बाईंची वेळ मिळणार. खोटं कशाला बोलू, त्या श्वासाने मला जरा बरं वाटायचं. पण घरी गेलं की परत तेच. जेवण जात नव्हतं. छताकडे बघत पडायचं. दोन्ही बाजूंना माणसं घोरतायत, आणि आपलं म्हणावं असं कोणी नाही. म्हणून धीर करून म्हणाले, "मॅडम, मला खूप एकटं वाटतं. मला त्या बाईंना भेटायचंय."

मॅडमनी लॅपटॉपवर माझं नाव काढलं. मागच्या पडद्यावर अख्ख्या वर्गाला दिसलं. हसरा, हसरा, हसरा. खालपर्यंत हसराच. मग विचारलं, लोकलने दिव्याहून येतेस ना? घरी किती जण? मी सांगितलं. मग ते वाक्य. वर म्हणाल्या, "ज्यांना खरंच त्रास आहे, त्यांची जागा अडवू नकोस."

मी खाली बसले. कान तापलेले. मी तर एकही चेहरा कधी दाबला नव्हता. मला तो प्रश्न कधी दिसलाच नव्हता. वाटलेलं, स्वस्तातला फोन, चालत नसेल अॅप.

आमच्या घरी अॅप चालणारा फोन एकच. संध्याकाळी तो आईकडे असतो, तिच्या पोळ्यांच्या ऑर्डरी त्यावर येतात. मी तेव्हा शिकवण्या घ्यायला गेलेली असते. त्या दिवशी घरी येऊन तिला विचारलं. ती कणीक मळत होती.

"अगं, ते रोज विचारतं ना, कसं आहे म्हणून. मी हसरं दाबते. कोणी विचारलं तर बरं आहे असंच सांगावं. आपलं रडगाणं परक्याला कशाला?"

आमच्यात असंच. नळाला पाणी नसू दे, बाबांची कंपनी बंद पडू दे, गावाहून फोन आला की सगळं मजेत. मला असा राग आला की ती परात भिरकावून द्यावी. फोनला रोज उत्तर देत होती ही बाई. मला एकदा विचारलं नाही, कशी आहेस गं. मी तसं बोललेही तिला.

"तू सांगितलंस कधी?" ती म्हणाली.

नव्हतं सांगितलं. मीपण मजेतच म्हणायचे.

पुढच्या बुधवारी मॅडम म्हणाल्या, डोळे मिटा. मी नाही मिटले. सगळ्यांचे चेहरे बघत बसले. हसले होते तेच सगळे, आता कसे शांत. मग उभी राहिले.

"मॅडम, ते हसरे चेहरे माझ्या आईने दाबलेत. मी तोंडाने सांगतेय, मी बरी नाहीये."

"सेशन संपल्यावर बघू. डोळे मीट."

"नाही मिटणार."

"मग बाहेर जा."

गेले. ओढणीवालीने एक डोळा उघडून बघितलं आणि परत मिटला. मागून कोणी आलं नाही.

समुपदेशक बाईंच्या दाराला कुलूप. शिपाईकाका म्हणाले, "वेळ अॅपवरूनच मिळते, बाळा." मी तिथेच दाराला टेकून बसले. काकांनी दिवे मालवले तशी उठले. शिकवण्यांना गेले नाही.

घरी फोन वाजला. आज कसं वाटतंय? आईचं बोट सवयीने पुढे गेलं, मग माझ्याकडे बघून थांबलं. मी फोन घेतला, रडका चेहरा दाबला आणि तिच्या डोळ्यांसमोर धरला. तव्यावरची पोळी करपली.

उद्या परत त्या दाराशी बसणार. परवाही. पडद्यावर काय दिसतं ते त्यांचं त्यांनी बघावं. एक जितं माणूस समोर बसून माझं ऐकेपर्यंत मी तिथून हलणार नाही. आणि माझ्या वतीने 'बरी आहे' असं आता कोणी सांगायचं नाही. आईनेसुद्धा.