भागाआत्यानं मला काथवट दिली नाही

आमच्या खोलीत सोनं रोज यायचं आणि रोज निघून जायचं. मागे राहायचा तो गाळाचा वास. आम्ही झारेकरी. सराफ बाजारातल्या कारागिरांच्या दुकानांतला केर आणि त्यांच्या दारातल्या गटारींचा गाळ पहाटे घमेल्यात भरून आणायचा, गोदावरीवर नेऊन लाकडी काथवटीत धुवायचा, आणि तळाशी बसलेले सोन्याचे बारीक कण वेगळे काढून पुन्हा त्याच बाजारात विकायचे, हा आमचा पिढीजात धंदा. जुन्या नाशकात काझीगढी नावाच्या मातीच्या टेकाडाच्या उतारावर आमची पत्र्याची खोली होती. गढीची माती सुटायला लागली की आत्या मला दाराशी झोपवायची, पळायला सोपं जावं म्हणून. आई मला आठवत नाही. वडील मालेगावला यंत्रमागावर होते, सणावाराला यायचे. मला वाढवलं ते त्यांच्या थोरल्या बहिणीनं, भागाआत्यानं. ती गेली त्याला आता महिना उलटून गेला. वडिलांचा फोन आला तेव्हा मी कॉलेजात तासाला निघाले होते. "सुमे, आक्का गेली..." एवढंच ते बोलले. मी तशीच स्टाफरूममध्ये बसून राहिले, आणि मला तिचा चेहरा नाही, आधी तिचे हात आठवले.

त्या हातांना कंप होता. काथवटीत उरलेले शेवटचे कण पाऱ्यानं धरायचे आणि मग तो पारा विस्तवावर उडवायचा, असं ते काम. तो धूर तिनं जन्मभर घेतला. बशी तोंडाशी नेईपर्यंत निम्मा चहा सांडायचा. मी पुसायला गेले की म्हणायची, "राहू दे गं, जमिनीला बी तल्लफ येती." तिनं स्वतःच्या आजारावर कधी कुणाला हळहळू दिलं नाही. हसून विषय बदलायची, आणि फारच कुणी मागे लागलं तर उठून चुलीकडे जायची.

आमच्यात एक रीत होती. मुलगी हाताशी आली की घरातली वडीलधारी बाई तिला हळदकुंकू लावून नवी काथवट द्यायची. त्या दिवसापासून ती मुलगी धंद्यात धरली जायची आणि तिची शाळा आपोआप बंद व्हायची. कुणी बंद करायचं नाही, होऊन जायची. ज्या मुलीला काथवट दिलेली नाही, तिनं दुसऱ्या बाईच्या काथवटीला हात लावायचा नसतो. माझ्या बरोबरीच्या मुली एकेक करून घाटावर जायला लागल्या. माझी काथवट काही येईना. नात्यातल्या बायका आत्याला टोचायच्या, "भागा, पोरीला काथवट कधी देती? म्हातारी झाल्यावर?" आत्या मान वर न करता म्हणायची, "तिचं हात रिकामं नाय." माझ्या हातात तेव्हा पाचवीचं पुस्तक होतं.

गढीच्या उतारातून मडक्यांचे तुकडे, जुन्या विटा सारख्या बाहेर यायच्या. आम्ही त्या तुकड्यांनी ठिकरी खेळायचो. हे तुकडे हजारो वर्षांचे आहेत असं शाळेतल्या बाईंनी सांगितलं, तेव्हा मी घरी येऊन आत्याला म्हटलं, आपण जुन्या राजांच्या डोक्यावर राहतो. ती म्हणाली, "मंग त्यांना सांग, पाया जरा घट्ट धरा." त्या तुकड्यांनीच मला पुढं प्राचीन इतिहासाकडे नेलं. मी बी.ए. झाले तेव्हा आत्यानं सराफ बाजारात दुकानादुकानांत पेढे वाटले. ज्या दुकानांच्या पायरीखाली ती गाळ उपसत बसायची, त्याच पायऱ्या चढून वाटले. मला याचा अभिमान आहे, आणि तो मी लपवणार नाही. आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेली मी पहिली.

भांडण झालं ते त्यानंतर. एम.ए. झाल्यावर मी संशोधनाला विषय घेतला: प्राचीन काळातली सोनं धुणारी माणसं. आत्याला मोठ्या उत्साहानं सांगितलं. तिनं हातातला घास ताटात ठेवला. "गटारातनं बाहेर काढली तुला. आन तू येवढं शिकून परत गटारातच?"

"अगं आत्या, हे रोमन लोकांचं आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचं."

"कोणाचं का असंना. चिखल तो चिखल."

त्यातच मी म्हणून बसले, की मला एकदा स्वतः धुऊन बघायला हवं, तू मला काथवट दे. ती उठून बाहेर गेली. त्यानंतर कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलली नाही. शेजारणीला मात्र ऐकवायची, "बाई, लोकांची लेकरं शिकून सायेब होतात. आमची झारेकरी व्हायला निघाली." मला तेव्हा तिचा राग आला होता. तिनं काय पणाला लावलं होतं ते मला ठाऊक होतं, तरीही.

पुढं रुमेनियातल्या एका डोंगरात चाललेल्या उत्खननावर एका हंगामासाठी जायला मिळालं. रोमन लोकांच्या सोन्याच्या खाणी तिथं आहेत आणि त्या खाणींच्या अंगाखांद्यावर वसलेली कामकऱ्यांची वस्ती. हातोडी-छिन्नीनं खोदलेले बोगदे, माणूस वाकून कसाबसा जाईल एवढे. भिंतीत दिव्याचे कोनाडे, आणि त्यांवर अजून काजळी. बाहेर उतारावर घरांचे पाये, चुलीचे भाजलेले दगड, नवसाला उभे केलेले देवाचे दगड, आणि वस्तीच्या कडेला माणसं जाळून त्यांची राख पुरलेले खड्डे. सोन्याचा कण मात्र मला एकही दिसला नाही. ते सगळं केव्हाच रोमला गेलेलं. पहिल्या दिवशी मी त्या उतारावर उभी राहिले आणि मला काझीगढी आठवली. इथंही माणसं मातीवर, मातीच्या भीतीनं आणि मातीच्या आशेवरच राहिली असणार.

परत आल्यावर खोलीत सतरंजीवर सगळे फोटो पसरले. आत्या 'मला काय करायचंय' असं तोंड करून बसली, पण हळूहळू पुढं सरकली. खाणीबाहेरचे दगडमातीचे ढीग पाहून म्हणाली, "येवढी माती टाकून गेले? येडे व्हते का काय?" मग माझ्याकडे वळून, "आन तू सोन्याच्या गावाला जाऊन हात हलवत आलीस. झारेकऱ्याची म्हणून सांगू नको कुणाला." आम्ही दोघी किती दिवसांनी हसलो... मग एका लहानशा खोलीच्या पायाच्या फोटोवर ती थांबली. कोपऱ्यात चुलीचे दगड दिसत होते.

"हितं कोण राहायचं?"

"काम करणारे. नक्की कोण ते सांगता येत नाही."

"बाया-पोरं?"

"असणारच की."

तिनं फोटो जवळ धरला. "मंग त्यांच्या पोरींना ह्यातनं बाहेर काढणारं कोणी नव्हतं व्हय गं?"

पाये सापडतात, चुली सापडतात, पण कुठल्या घरात कोण कुणासाठी हट्ट धरून बसलं होतं, ते मातीत उरत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपली काथवट घेऊन दारात उभी. एव्हाना तिचं काम सुटलं होतं. गटारी झाकल्या गेल्या होत्या, कारागीर आपला केर स्वतःच जपून ठेवायला लागले होते. तरी ओळखीच्या एका कारागिराकडून ती घमेलंभर केर मागून घेऊन आली. "चल घाटावर. मी धुते, तू लिही. हात लावायचा नाय." ती पायऱ्यांशी पाण्यात बसली, मी वरच्या पायरीवर. काथवट कशी कलती धरायची, पाणी कुठून घ्यायचं, हलकी माती कशी जाऊ द्यायची आणि काळी रेती कुठं थांबवायची, सगळं ती बोलत गेली. मध्येच काथवट निसटतेय असं वाटून मी हात पुढं केला. तिनं ओल्या हातानं माझ्या मनगटावर फटका मारला. "हात मागं! तुला दिली हाय का?" आजूबाजूच्या बायका हसल्या. मीही हसले आणि लिहीत राहिले.

तिनं जाण्याआधी वडिलांना बजावून ठेवलं होतं, की काथवट कुणालाही द्यायची नाही. वडिलांनी ती दहाव्याला नदीत सोडली. मी काठावर उभी होते. हात मागेच होते.

आता माझ्या फ्लॅटमध्ये केर काढला की सुपली लगेच डब्यात उलटी करवत नाही. खिडकीशी नेऊन, उजेडात धरून एकदा बघते. केसांचा गुंता, पेन्सिलीचा भुगा, कांद्याची सालं... आत्या रोज असंच बघायची, अगदी आमच्या त्या खोलीतला केरसुद्धा, जिथं काही सापडणं शक्यच नव्हतं. मी बघते आणि मग टाकून देते.

माझा प्रबंध मान्य झाला. त्यात एक प्रकरण भागाआत्याच्या कामावर आहे, तिच्या पूर्ण नावासकट. ते लिहिणारी आमच्या घराण्यातली बाई आज कॉलेजात शिकवते, आणि तिनं आयुष्यात एकदाही गाळ धुतलेला नाही.