स्लोवर न थांबणारी गाडी

बिघडलेल्या वस्तूची चाहूल लागली की भरल्या पंगतीतून उठून जाणारा माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. रिसोडच्या शाळेत त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला, पण विद्यार्थ्यांना नद्यांपेक्षा त्यांनी टेबलावर उघडून ठेवलेली घड्याळंच जास्त आठवतात. माझ्या लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या वेळी जनरेटर खोकू लागला, तेव्हा माझ्या सासरचे हे थोरले जावई अक्षता मुठीत घेऊनच मांडवामागे गेले. आमच्या प्रत्येक फोटोत ते ग्रीसने माखलेल्या सदऱ्यात उभे आहेत. यंत्रांशी ते अहो-जाहो करतात. काम उघडं असेपर्यंत जेवत नाहीत. "ते पोट उघडं टाकून बसले, आन् मी पोळ्या खाऊ काय?" असं विचारतात, आणि हे 'ते' म्हणजे बहुतेक वेळा मिक्सर असतो.

मागच्या दिवाळीत ते आणि ताई, म्हणजे माझी थोरली मेहुणी, आमच्याकडे रिठदला आले होते. माझे वडील गेल्यापासून त्यांची मोटारसायकल सात वर्षं गोठ्यात गुरांच्या कुटाराच्या पोत्यांमागे उभी होती. ती भंगारात द्यायचं मी ठरवलं. आई "दे" म्हणाली, पण भंगारवाला आला तेव्हा उठून आत गेली आणि बाहेर आलीच नाही. साडूंनी ते बरोबर पाहिलं. भंगारवाल्याला चहा पाजून त्यांनी परत पाठवलं आणि मला म्हणाले, "साडभाऊ, घाई कायले करता? दोन दिवस द्या मले."

टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं, तर त्याला वार्निशसारखा वास येत होता. टाकी धुतली, नवं पेट्रोल आणि नवा प्लग घातला, आणि विसाव्या किकेला गाडी चक्क सुरू झाली. पण रेस सोडली की मरायची. "स्लोवर उभी राहत नाही. जेट बुजला," साडू म्हणाले. त्यांनी कार्बोरेटर खोलला. पेट्रोल वाळून जेटच्या सुईच्या नेढ्याएवढ्या छिद्रात डिंकासारखं बसलं होतं. विजेच्या वायरीतली तांब्याची एकच तार उसवून त्यांनी ते छिद्र मोकळं केलं, वर सायकलच्या पंपानं हवा मारली. त्या दिवशी ते रात्रीपर्यंत जेवले नाहीत, हे सांगायला नकोच.

दुसऱ्या दिवशी रेस सोडली तरी गाडी स्लोवर थांबू लागली, पण कधी उगाच डरकाळी फोडायची, कधी धापा टाकायची. आता आवाज ऐकत हवेचा स्क्रू किंचित किंचित फिरवायचा, एवढंच काम उरलं होतं. तासभर साडू मान तिरपी करून स्क्रू फिरवत बसले. इंजिन शेवटचे आचके देत असताना म्हणायचे, "आता कशी सुरात आली!" आणि ते मरायचं. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा मला हसू आवरेना. चहा घेऊन आलेल्या ताईंनी मला बाजूला घेतलं.

"हसू नका, पाव्हणे. वरीस झालं, त्याईले कमी आयकू येते. सांगत नाहीत कोणाले."

मी परत जाऊन गाडीच्या दुसऱ्या बाजूला बसलो. साडूंच्या तोंडाकडे न बघता हातानंच खूण केली, अजून थोडं. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. क्षणभर वाटलं, स्क्रू ड्रायव्हर ठेवून ते उठणार. पण ते हळूच म्हणाले, "तुमी आयका. मी फिरवतो."

डावा तळहात त्यांनी टाकीवर टेकवला. मी बोट वर-खाली करत होतो, ते केसाएवढा स्क्रू फिरवत होते. एकदा मी चुकलो, तर टाकीची थरथर त्यांनाच आधी कळली आणि त्यांनी मला दटावलं. शेवटी इंजिन एका लयीत आलं आणि तसंच चालत राहिलं. आई स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी दारापर्यंत आली आणि उंबऱ्यातच उभी राहिली.

"कसा हाय आवाज?" साडूंनी विचारलं. यंत्राबद्दल त्यांनी दुसऱ्याला काही विचारल्याचं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

मला यंत्रातलं काही कळत नाही. मी त्यांच्या कानाशी वाकून मोठ्यानं सांगितलं, "वावरातून आल्यावर बाबा फाटकासमोर थांबत न, आई फाटक उघडेपर्यंत? तसा."

साडू मान हलवत राहिले. टाकीवरचा हात त्यांनी काढला नाही, आणि गाडी बंद करा असं आमच्यापैकी कुणीच म्हणालं नाही.