ओढ्यापलीकडची नोंद

झोपडीत शिरताना कुणा विद्यार्थ्याने नाकाला रुमाल लावला, की डॉ. पेडणेकर मॅडम तो ओढून काढायच्या आणि सरळ स्वतःच्या पिशवीत टाकायच्या. "तुका वास येता? त्येंकाय तुझो येता!" रुमाल परत मागायची हिंमत कुणाची नव्हती.

मॅडम लालबागच्या, गिरणी कामगाराची मुलगी. परळच्या आमच्या मेडिकल कॉलेजात त्या चालत यायच्या. एरवी त्यांचं मराठी अगदी स्वच्छ. संताप आला की मालवणी. आम्हा इंटर्न्सना घेऊन त्या पालघरकडच्या ग्रामीण केंद्रावर दोन-दोन महिने राहत. दादरला वाढलेल्या मला तिथल्या सगळ्याचीच शिसारी यायची. माश्या, संडास, ताटाशेजारी फिरणाऱ्या कोंबड्या. "आजार पुस्तकात नसतो, घरात असतो. आधी आत जाऊन बस," हे मॅडम दिवसातून दहादा ऐकवत.

माझ्याकडे ओढ्यापलीकडचा पाडा होता. तिथे यमुना नावाची सातव्या महिन्यातली गरोदर बाई. दर आठवड्याला तिचं ब्लड प्रेशर मोजून रजिस्टरमध्ये लिहायचं, एवढंच काम. पहिल्यांदा गेले. पुढचे तीन आठवडे चिखलात पाय घालायचा कंटाळा केला. अलीकडच्या काठावर मोबाइल बघत बसले आणि तिन्ही वेळा ११०/७० लिहून परतले.

पाचव्या आठवड्यात मॅडम बरोबर आल्या. यमुना दारात बसली होती. चेहरा सुजलेला. पायावर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहिला.

"मोज," मॅडम म्हणाल्या.

१७०/११०.

"चार दिस डोका दुखतंय," यमुना माझ्याकडे बघून म्हणाली. "तुमी येनार म्हणून वाट बघत व्हते, ताई."

केंद्राची जीप कॉलेजच्या मान्यतेच्या तपासणीला येणाऱ्या पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेली होती. दुधाच्या टेम्पोतून आम्ही तिला तालुक्याच्या रुग्णालयात नेलं. यमुना वाचली. मूल पोटातच गेलं होतं.

केंद्रावर परतल्यावर मॅडमनी रजिस्टर माझ्यापुढे टाकलं. "लिही. 'तीन आठवडे मी गेले नव्हते.' खाली सही कर."

मला रडू फुटलं.

"रडणं मागाहून. आधी लिही."

मी लिहिलं.

आठवड्याने परळला विभागप्रमुखांनी आम्हा दोघींना बोलावलं. सर चहात बिस्किट बुडवत समजुतीच्या सुरात बोलत होते. "मॅडम, पोरीचं करिअर आहे. कॉलेजच्या मान्यतेचा प्रश्न आहे. रजिस्टरचं एक पान तर बदलायचंय. आणि बाई वाचलीय ना?"

मॅडम उठून उभ्या राहिल्या. "वीस वर्षं पाड्यांवर हिंडतेय, सर. पू बघितला, जंत बघितले. ओकारी कधी आली नाही. आज इथे, तुमच्या एसीत येतेय." आणि दार उघडं टाकून निघून गेल्या.

मी बसून राहिले. सरांनी माझ्यापुढे कोरं पान सरकवलं. त्यावर तीनदा ११०/७० लिहिलं ते मीच, माझ्याच अक्षरात, आणि या वेळी रडूसुद्धा आलं नाही. मॅडमना ग्रामीण केंद्रावरून काढून रेकॉर्ड रूममध्ये बसवलं. मला प्रमाणपत्र मिळालं. कामाचा दर्जा : उत्कृष्ट.

त्या निवृत्त झाल्यावर एकदा मी लालबागच्या त्यांच्या घरी गेले. मोरीपाशी बसून बांगडे साफ करत होत्या. मी उभ्याउभ्याच माफी मागितली. त्यांनी मान वर केली नाही.

"माझी माफी कित्याक? माझा काय गेला? यमुनाकडे जा. तिका खरा सांग. मगे ती काय म्हणता, ता ऐक."

मागच्या वर्षी मॅडम गेल्या. शोकसभेत त्याच सरांनी त्यांच्या निष्ठेवर भरभरून भाषण केलं आणि मी इतरांबरोबर मान डोलावली. यमुनाचा पाडा इथून तीन तासांवर आहे. मी अजून गेलेले नाही.