मागच्या अंगणातला मुरूम

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. टाळण्याची माझी रीत अशी, की ती मी सगळ्यांना सांगत राहिलो, पण खोटी, आणि हसवून. लग्नकार्यात जेवणं झाली, सतरंजीवर माणसं कलंडली की मी सुरू करायचो, "आमच्या हिला औरंगाबादेत, घरामागं स्विमिंग पूल पाहिजे होता!" नळाला आठ-आठ दिवस पाणी न येणाऱ्या शहरात हे ऐकून लोक हसायचेच. तीही पदर तोंडाला लावून हसायची. आता ती नाही. मागच्या महिन्यात नातीनं तिच्या नव्या सोसायटीच्या पूलपाशी मैत्रिणींना तोच किस्सा माझ्याच शब्दांत सांगितला आणि मला तिथं बसवेना. म्हणून हे लिहितो.

मी पाटबंधारे खात्यात अभियंता होतो. निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना हर्सूलच्या बाजूला घर बांधलं. मागं बरीच जागा मोकळी राहिली. तिथं बायकोनं स्वतः पहारीनं खड्डे घेऊन लिंबू, पेरू, शेवगा लावला. बोअरलाही पाणी चांगलं होतं. एका संध्याकाळी चहाचा कप पुढं ठेवत ती म्हणाली, "अहो, मागं एक मोठा हौद बांधू या का?"

"हौद आहे की पोर्चखाली." आमच्याकडं घर बांधताना माणसं आधी हौदाचं बघतात, मग खोल्यांचं.

"तो साठवणीचा. मी म्हणते तो उघडा. छातीइतका खोल, अन् लांब. पोहता येईल असा."

मला थट्टा वाटली. पण तिनं सगळा विचार करून ठेवला होता. बोअरचं पाणी हौदात, हौदातलं झाडांना. "पाणी वाया नाही जात. झाडाकडं जाताना जरा माझ्याजवळ थांबतं, एवढंच." पाण्याच्या खात्यात जन्म घालवलेल्या मला त्यात चूक सापडेना. शेजाऱ्यांच्या कानावर गेलं तसे ते भिंतीवरून ओरडले, "काय साहेब, इथं नळ येईना अन् तुम्ही तलाव बांधायलात? निदान होडी तरी चालवू द्या आम्हाला!" मी हसलो आणि बघू म्हणालो.

त्या दिवाळीनंतर तिच्या भाचीचं लग्न निघालं. फुलंब्रीच्या पुढं तिचं माहेर. शेतातली विहीर तिच्या वडिलांनी पोलीस ॲक्शननंतर, निजामाचं राज्य जाऊन गावात जरा स्थिरस्थावर झाल्यावर, खोदून घेतलेली. दगडानं बांधलेली, मोठ्या घेराची. त्या साली पाऊस भरपूर झाला होता. हात लांबवला तर पाणी लागेल, इतकी ती भरली होती. सकाळी आम्ही फिरत तिकडं गेलो. तिचा धाकटा भाऊ मोटार चालू करायला आला होता.

"आक्का, मारता येतो का गं अजून सूर? का विसरलीस शहरात जाऊन?"

"बाजूला हो," ती म्हणाली.

चपला काढल्या, मंगळसूत्र पाठीमागं टाकलं, साडीचा काष्टा मारला. मी "अगं" म्हणेपर्यंत ती काठावरून गेलीसुद्धा. पन्नाशी ओलांडलेली बाई, गुडघे दुखतात म्हणून देवघरात स्टूल घेऊन बसणारी. पाणी उघडलं आणि मिटलं. कपारीतले पारवे भर्रकन उडाले. वर्तुळं जाऊन दगडाला लागली, परत आली, आणि ती वर येईना. मी कठड्याला धरून उभा होतो. मोठमोठ्या धरणांची दारं मी उघडताना पाहिली आहेत. पाण्यापुढं माझी छाती तशी कधी दडपली नव्हती.

ती पार पलीकडच्या कडेला वर आली. अंबाडा सुटून केस पाण्यावर पसरले होते. मग उताणी झाली आणि हातही न हलवता नुसती राहिली. पाण्यानं तिला धरलं होतं. डोळे आभाळात. एवढ्या संसारात तिचा तो चेहरा मी पाहिला नव्हता. ती हसली, तसं हसू गोल भिंतीवरून फिरत फिरत वर आलं, आणि मला देवळात आल्यासारखं वाटलं. वाटलं, हात जोडावेत.

"दाजी, या की आत! भोपळा बांधू का पाठीला?" मेहुणा म्हणाला. मला पोहता येत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

परत येताना मी विचारलं, "मला कधी बोलली नाहीस ते?"

"तुमच्या क्वार्टरला विहीर कुठं होती?" ओले केस पिळत ती म्हणाली.

जे पाहिलं त्यानंतर हौद बांधायलाच हवा होता. पण माझं उलटंच झालं. तिथं काठावर मी कुणीच नव्हतो. तिला माझी गरज नव्हती, माझं भान नव्हतं. रोज सकाळी खिडकीतून ते बघायचं, या विचारानं मी आतून आक्रसलो. हे तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नाही.

ती लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली, तेव्हा मी माणूस लावून मागं खड्डा घेतला. डोक्याइतक्या खोलीपर्यंत सगळा मुरूम. पहारीला असा सुटत होता, की हौद महिन्याभरात उभा राहिला असता. मी तो खड्डा तसाच बुजवून घेतला. ती आल्यावर म्हणालो, "हातभर गेलो की काळा पाषाण. सुरुंग लावावे लागतील. शेजारची भिंत तडकेल." आवाज साहेबाचा लावला.

तिनं जमिनीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "बरं," म्हणाली. पुन्हा कधी विषय काढला नाही.

पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी तिनं आंब्याचं रोप लावलं. खड्डा खणताना थांबून म्हणाली, "माती लई मऊ आहे हो इथली." मी पेपर वाचत होतो. पान उलटलं.

तो आंबा आता गच्चीच्या वर गेला आहे. काळ्या पाषाणावर असा आंबा वाढत नाही, हे खात्यातल्या शिपायालाही कळतं. मग त्या अंगणातला प्रत्येक खड्डा स्वतः खणणाऱ्या बाईला कळलं नसेल? कळूनही ती माझ्या किश्शावर, त्यातल्या काळ्या पाषाणासकट, हसत राहिली. त्याची मला आजही त्या विहिरीइतकीच दिपवणारी भीती वाटते.

शेवटच्या वर्षी तिचे पाय सुजायचे. दुपारी त्याच आंब्याखाली खुर्ची टाकून मी टबात कोमट पाणी आणायचो. ती पाय सोडायची आणि बोटं हळूहळू हलवायची, पोहताना हलवतात तशी. मी समोर उकिडवा बसून रोज मनात वाक्य जुळवायचो. एकदा ते ओठांपर्यंत आलं. तिनं मान वर केली आणि वाट पाहिली. खरंच पाहिली.

"पाणी गार नाही ना झालं?" मी म्हणालो.

"नाही," ती म्हणाली, आणि परत पाण्याकडं बघू लागली.

म्हणायचं एवढंच होतं: खाली मुरूम होता. मी खोटं बोललो. तू पोहायला हवं होतंस. मला माफ कर.